एक्केचाळिसावं पान

१

अकरा वाजेपर्यंत भाजी उठली तर उठली, नाहीतर उरलेली शेजारणीच्या टोपल्यात ओतून पार्बताबाई इतवारा बाजारातून उठायचीच. बाया म्हणायच्या, "चालली बापा पंडितीण." ती मागं न पाहता म्हणायची, "तुमच्या पोरीईले शाळेत धाडा, मंग त्याईलेबी म्हणतील." आणि अंबापेठेच्या बोळात शिरायची.

बोळाच्या टोकाला खुशालराव मास्तरांचं घर. मास्तर कॉलेजात मराठी शिकवायचे. दोन वर्षांमागं काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, नोकरी सुटली आणि जुन्या गद्यावरचा त्यांचा ग्रंथ अर्ध्यावर राहिला. वाचून दाखवायला कोणी टिकेना. कॉलेजातली पोरं यायची, जुनी भाषा पाहून हसायची, आठ दिवसांत पसार व्हायची. पार्बताबाई त्यांच्या घरी भाजी घालायला यायची. एक दिवस ओसरीवर पडलेलं पान उचलून तिनं घडाघडा वाचून दाखवलं आणि विचारलं, "यात हसण्यासारखं काय हाय?" त्या दिवसापासून दुपारचं वाचन तिच्याकडं आलं. चौथी पास होती. तिच्या माळी बापानं चार लोकांच्या शिव्या खाऊन तिला शाळेत घातलं होतं, ते शिक्षण मिरच्या-वांग्यांचा भाव मांडण्यापलीकडं आता कुठं कामाला येत होतं.

खोली लांबट, एका दाराची. दाराला जाड कवाडं, आत कडी, बाहेर कडी. खिडकी उंचावर. चौरंगावर पोथी, समोर पार्बताबाईचं आसन, म्हणजे घोंगडीची घडी. भिंतीशी मास्तर. त्यांच्या मांडीवर एक लाकडी चौकट असे, तिच्यावर आडव्या सुतळ्या ताणलेल्या. बोटानं सुतळी चाचपायची आणि तिच्या वरच्या अंगानं शिसपेन्सिलीनं लिहायचं. ते अक्षर साऱ्या अमरावतीत पार्बताबाईलाच लागे.

पोथी पातूरच्या एका मठातून वर्षाच्या बोलीनं आणलेली. त्यात कुणा गोसाव्याच्या आठवणी, त्याच्या शिष्यिणींनी सांगितलेल्या. सांगितलेल्या असं लोक म्हणतात. मास्तरांचा सगळा खटाटोप तिथंच होता.

"हे पहा पार्बताबाई," ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पोथी म्हणते, बाई आली, दाराशी राहिली. हे पाहिलं कोणी? आतल्यानं का बाहेरच्यानं? सांगणारा दाराच्या कोणत्या बाजूला आहे, तेवढं मला शोधायचं आहे."

"एवढ्यासाठी ग्रंथ?"

"एवढ्यासाठीच."

"निजा मास्तर. ऊन लागलं तुमाले."

पण तिला ते आवडलं होतं. बाजारात कोणी तिला असलं काही विचारत नसे.

पोथी देताना मठातल्या म्हाताऱ्यानं एक रीत घालून दिली होती. मधली काही पानं कसरीनं खाल्लेली. अशा पानाशी आलं की पुढं पळायचं नाही. तुटल्या जागी उजवा हात ठेवायचा, "आठवेल त्याने सांगावे" असं म्हणायचं, दहा श्वास उगं राहायचं, मग पुढलं पान. मास्तरांचा देवधर्मावर भरवसा नव्हता, पण रीत त्यांनी सोडू दिली नाही. म्हणाले, तेवढ्या वेळात ऐकणाऱ्याला कळतं की इथं काहीतरी होतं.

पौष लागला तेव्हा ती दोघं एक्केचाळिसाव्या पानाशी आली.

२

चाळिसाव्या पानाचा शेवट असा होता: "एकी बाई सासुरे सांडौनि आली. द्वारी राहिली. द्वार हालविले." एक्केचाळिसाव्या पानाला मधोमध तळहाताएवढं भोक. काठाला चारदोन अक्षरं, तीही फुटलेली. बेचाळिसावं सुरू होई: "मग गोसावी उगेचि राहिले. मग बिढारासि गेले."

पार्बताबाईनं भोकावर हात ठेवला, शब्द म्हटले, दहा श्वास मोजले, पुढं वाचलं. चार वाजता पोथी बांधून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर खुशीत होते. "कालचं टिपण वाचा," म्हणाले. "मला वाटतं, सापडतंय."

तिनं चौकटीतला कागद काढला. आधी तिनं वाचलेलं होतं, मग मास्तरांचं बारीक बारीक. ती वाचत गेली आणि मधेच थांबली.

"हे कुठलं हाय, मास्तर?"

"काय?"

"'वहाणा हातात घेतल्या. वाटेत झिजू नयेत म्हणून.' आन् हे, 'फुटका हौद लागला, तिथं पाणी प्यालं.'"

"एक्केचाळिसावं पान," मास्तर म्हणाले. "तुम्हीच तर वाचलं."

"एक्केचाळिसाव्या पानाले भोक हाय. माहा हात त्याच्यातून चौरंगाले लागते."

मास्तर हसले. "मग भोकातून वाचलं असेल. भाषा जरा अलीकडची वाटली खरी. नकलकाराची भर असेल."

तिनं कागद पालथा ठेवला. म्हातारा माणूस, अंधारात बसून असतो, दुसऱ्या एखाद्या पोथीतलं मिसळलं असेल. तिचं डोकं असं सरळ चालायचं. बाजारात कोणी भानामतीच्या गोष्टी काढल्या की ती म्हणायची, पाव शेर मिरच्या घे अन् घरी जा. पण त्या रात्री भाकरी थापताना तिला एकच आठवत राहिलं. फुटका हौद वलगावच्या रस्त्यावर आहे. आणि वहाणा हातात घेऊन चालणारी तिनं जन्मात एकच पाहिली होती.

३

तिसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम सांगितलं, "चाळिसावं पुन्हा वाचतो. कालचं नीट झालं नाही."

तुटल्या जागी हात ठेवला, शब्द म्हटले, तोंड घट्ट मिटलं. दात दातावर दाबून धरले आणि मास्तरांकडं पाहत राहिली.

मास्तरांची पेन्सिल चालू लागली.

एक श्वास, दोन श्वास. बोळात कुठंतरी बैलाची घाटी वाजली. खोलीत पेन्सिलीची कुरकुर, बाकी काही नाही. मास्तर कान देऊन लिहीत होते. डोकं थोडं कललेलं. ते पार्बताबाईकडं नव्हतं. तिच्या डाव्या अंगाला, हातभर पलीकडं, खाली जमिनीजवळ, जिथं एखादी पोर आईच्या मांडीला टेकून बसेल, तिकडं होतं.

दहा श्वास झाले. पेन्सिल थांबली.

"मास्तर," ती म्हणाली, आणि तिचा स्वतःचा आवाज तिला जाड वाटला. "आत्ता कोणं वाचलं?"

मास्तर गोंधळले. "तुम्ही दोघी वाचता ना? मी विचारणार होतो, पण म्हटलं, असेल कोणी घरची, शिकवून राहिल्या असाल. बाकी सगळं तुम्ही वाचता, हे पान ती वाचते. सर्दी झाली आहे तिला. मधून मधून नाक ओढते."

पार्बताबाईनं डावीकडं पाहिलं. जमीन सारवलेली. घोंगडीचा काठ. आणखी काही नव्हतं.

"किती वर्षाची वाटते?" तिनं विचारलं.

"आवाजावरून? पंधरा. सोळा."

४

पार्बताबाईची लेक शकुन सोळाची होती. वलगावात एका मळेवाल्याच्या घरी दिली होती. दोन वर्षांमागं पौषातच मोटेच्या विहिरीत पडून गेली. पाय घसरला, असं सासरच्यांनी सांगितलं. पोलीसपाटलानंही तसंच लिहिलं.

त्याआधी पंधरा दिवस ती एकदा माहेरी आली होती. म्हणाली, "माय, मले तिथं नको धाडू." पाठीवर वळ दाखवले. पार्बताबाई रांडावलेली, एकटी, परकोटाबाहेर नाल्याकाठी दीड बिघ्यात भाजी काढून जगणारी. तिनं ऐकून घेतलं, रडली नाही, पोरीला तेल लावलं, जेवू घातलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः छकड्यात बसवून दिलं. म्हणाली, "सासू मारते तं तूबी तोंड उघड. माह्यासारखी हो. इथं येऊन बसशीन तं लोक मलेच हसतीन." लोक तिला घाबरत होते आणि तरी तिला लोकांच्या हसण्याची भीती होती. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही.

आता तिला एकच पाहिजे होतं. पोर काय म्हणते ते. भुतावर तिचा विश्वास बसला होता असं नाही. खोलीत ती आपल्या कानांनी काही ऐकत नव्हती. पण म्हाताऱ्याच्या कागदावर येत होतं आणि म्हातारा शकुनला कधी भेटला नव्हता. मेलेल्या लेकरानं मायचं नाव घेतलं का, आणि घेतलं तर कसं घेतलं, एवढं कळलं असतं तर तिनं पुढलं आयुष्य काढलं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

मास्तरांना तिनं यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "ते पान रोज वाचू. तुमाले लागते ना?"

"लागतं," मास्तर म्हणाले. "फार लागतं."

मग रोज. चाळिसावं, भोक, दहा श्वास, पेन्सिल. रोज ती कागद उन्हाकडं धरून वाची. सासरा, सासू, जाऊ, सगळ्यांची नावं होती. वळ होते. उपाशी ठेवलेले दिवस होते. वाटेवरच्या बाभळी होत्या. मायचं नाव कुठंच नव्हतं.

"सांगणारी मोठी विचित्र आहे," मास्तर एकदा म्हणाले. "घरातल्या कुत्र्याचंही नाव घेते. ज्या दाराशी जाते त्या घरच्या बाईचं मात्र घेत नाही. 'घरची' म्हणते नुसतं. राग असेल, का लाज असेल, आवाजावरून ओळखू येत नाही."

"रडते काय?"

"नाही. नाक ओढते तेवढं. आणि दर वेळी एकाच जागी थांबते. दारापर्यंत येते, कडी वाजवते, आणि गप्प. पुढलं तिला ठाऊकच नसावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून, वहाणा हातात घेऊन." मास्तरांनी डोळे चोळले, जसं काही त्यातून दिसणार होतं. "ऐकवत नाही कधीकधी. इतक्यांदा तेच ते चालायचं म्हणजे."

पार्बताबाई उठली, माठातलं पाणी प्यायली आणि पेला उपडा ठेवला.

५

संक्रांतीच्या आदल्या दिवशी टिपणात एक नवी ओळ आली. "पदरात शेंगा बांधल्या. वालाच्या. तिला आवडतात."

पार्बताबाईनं कागद घडी करून पोलक्यात खोचला. मास्तरांना म्हणाली, "आज डोकं दुखून राहिलं," आणि घरी गेली. दोन दिवस आली नाही. बाजारातही बसली नाही.

तिसऱ्या दिवशी आली ती आतून कडी लावून सरळ घोंगडीवर बसली. मास्तर काही विचारू लागले तर म्हणाली, "लिहा. आज मी नीट आयकतो."

चाळिसावं वाचलं. द्वारी राहिली. द्वार हालविले. हात भोकावर ठेवला. भोकाच्या कडा तळव्याला लागल्या.

"आठवेल त्याने सांगावे."

पहिल्या श्वासाला काही नाही. पाचव्याला काही नाही. आठव्याला तिच्या पाठीमागं, दाराची बाहेरची कडी वाजली. दोनदा. मग लाकडावर नखाचा एक ओरखडा.

दोनदा कडी आणि एक ओरखडा. लहानपणापासून तशीच वाजवायची. हात पुरत नव्हता तेव्हापासून.

मास्तरांची पेन्सिल थांबली होती. ते हळूच म्हणाले, "आली."

पार्बताबाई उठली. आतली कडी काढली, कवाड ओढलं. बोळात दुपारचं पांढरं ऊन, समोरच्या भिंतीवर वाळत घातलेलं एक धोतर. कोणी नाही. तिनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. बोळ टोकापर्यंत रिकामा. वारा नव्हता.

मागं कवाड लागलं. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

"मास्तर," तिनं हाक मारली. "कडी काहून लावली?"

आत कोणीतरी बोलत होतं. मास्तर नव्हेत. बाईचा आवाज, दबका, एकसुरी, पोथी वाचताना लागतो तसा. शब्द लागत नव्हते. आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो ते माणसाला ठाऊक नसतं. पार्बताबाईलाही नव्हतं, म्हणून तिला थोडा वेळ लागला.

तिनं कडी वाजवली. पुन्हा वाजवली. मग तिचं नख आपोआप लाकडावर ओढलं गेलं.

दोन कवाडांच्या मधे बोटभर फट होती. तिनं डोळा लावला. चौरंग दिसला, पोथी दिसली. घोंगडीवर कोणीतरी बसलं होतं, दाराकडं पाठ करून. हिरवं लुगडं, खांद्यावर ठिगळ. ठिगळ तिनंच परवा लावलं होतं. उजवा हात पोथीवर होता. डाव्या हाताखाली पितळी ताट होतं, मास्तरांच्या घरी तसलं ताट नव्हतं. त्यात अर्धी मेथी निवडलेली होती.

बाहेर कडी वाजत होती आणि ती पाठ हलली नाही. मान एकदा थोडी वळली, ऐकू आल्यासारखी, आणि पुन्हा मेथीकडं झाली.

६

दार मास्तरांनी उघडलं. भिंतीला हात लावत लावत आले होते, वाटेत चौरंगाला ठेच लागली होती. अंगठ्यातून रक्त येत होतं.

"तुम्ही बाहेर?" ते म्हणाले. "मग आत कोण बोलत होतं?"

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. घोंगडी रिकामी. ताट नाही. पार्बताबाईनं घोंगडीवर हात ठेवून पाहिला. ऊब होती.

"काय बोलली?" तिनं विचारलं.

"तुमचाच आवाज होता, पार्बताबाई. मला काय खोटं ऐकू येतं? तुम्ही म्हणालात, 'मी आत होती. मले आयकू येत होतं.' मी लिहीत होतो. बाहेर सारखी कडी वाजत होती. मी म्हटलं, उघडू का? तर तुम्ही म्हणालात..." मास्तर थांबले.

"काय म्हणाली?"

"'राहू द्या. वाजवून वाजवून जाईल आपली आपण.'"

पार्बताबाई खाली बसली.

"मला राहवेना," मास्तर म्हणाले. "म्हणून मीच उठलो. हे पोथीतलं नव्हे ना?"

"नाही."

दार उघडं होतं, उन्हाचा पट्टा चौरंगाच्या पायाशी आला होता. मग तिनं पोथी पुढं ओढली, एक्केचाळिसावं पान काढलं आणि भोकावर हात ठेवला. आजवर ती शब्द म्हणून गप्प राहायची. आज शब्द म्हटले नाहीत.

"सांगणारा दाराच्या कोण्या बाजूले हाय, इचारत होते ना तुमी," ती म्हणाली. "लिहा. आतल्या बाजूले. सांगणारी पार्बता. छकड्यात परत धाडली त्याच्या मागून तिची लेक शकुन एका दुपारी वलगावाहून पुन्हा पायी आली. दोन कड्या आन् एक ओरखडा, तवाच मले समजलं का तेच हाय. मी मेथी निवडत होती. म्हटलं, आज उघडलं तं पुन्हा पुन्हा येईल. म्हटलं, वाजवून वाजवून जाईल. लई वेळ वाजवलं तिनं. हाक नाही मारली. माय म्हणून हाक मारली असती तं मी उठली असती. तिलेबी ते ठाऊक होतं, म्हणूनच नाही मारली. मले काय करायचं ते तिनं माह्यावर सोडलं."

मास्तरांची पेन्सिल हलत नव्हती. त्यांनी डोकं कलतं केलं होतं, तिच्या डाव्या अंगाला, खाली, जमिनीजवळ.

"आयकून राहिली काय ते?" पार्बताबाईनं विचारलं.

मास्तरांनी खूप वेळ कान दिला. बोळातून एक बाई पाण्याची घागर घेऊन गेली, तिच्या पायातल्या वाळ्यांचा आवाज लांब जाईपर्यंत ते थांबले.

"तिथं कोणी नाही, पार्बताबाई," ते म्हणाले. "तुम्ही आत आल्यापासून नाही."

तिनं मान हलवली. हात पानावरून काढला नाही.

"मंग वाजणं थांबलं," ती पुढं म्हणाली, त्या रिकाम्या जमिनीकडं पाहून, "मी मेथी पुरी केली. हात धुतले. कडी काढली. उंबऱ्यावर पुरचुंडी होती." आणि तिनं सगळं शेवटपर्यंत सांगितलं, शेंगा कोवळ्या होत्या, त्या तिनं शेळीपुढं टाकल्या, तिथपर्यंत.